बर्बन पिंपात मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की

अमेरिकेत बर्बन (मुख्यतः मक्यापासूनची अमेरिकी व्हिस्की) मुरवून रिकाम्या झालेल्या ओकच्या पिंपांत पुढे काही वर्षे मुरवलेली सिंगल माल्ट व्हिस्की. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत (मद्य गाळण्याच्या कारखान्यात), केवळ माल्ट केलेल्या, म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून गाळलेली व्हिस्की. स्कॉटलंडमधली बहुतेक माल्ट आज अशाच पिंपांत मुरते. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातल्या व्हिस्कीचा गडद रंग आणि मनुकांसारखी गोडी पटकन मन जिंकते. मात्र एखाद्या डिस्टिलरीचा मूळ स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर तिची बर्बन पिंपातली व्हिस्की आधी चाखावी.

ही पिंपे मुबलक मिळतात ती अमेरिकी नियमामुळे. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओक पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र पिंप कोरेच हवे असे बंधन नाही. ते ओकचे आणि 700 लिटरपेक्षा मोठे नसलेले असावे आणि व्हिस्की त्यात किमान 3 वर्षे राहावी, ही मुख्य बंधने आहेत. बर्बनचे पिंप सुमारे 200 लिटरचे असते. काही पिंपे सुटी करून, जादा फळ्या घालून, सुमारे 250 लिटरची ‘हॉग्जहेड’ बांधली जातात.

चवीचे मूळ अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये आहे. पिंप जाळताना लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन फुटते आणि त्यातून व्हॅनिलिन तयार होते. व्हॅनिलाचा ओळखीचा वास त्याचाच. लाकडातल्याच हेमिसेल्युलोज या घटकाच्या साखरा करपून कॅरॅमल आणि टॉफीची गोडी येते. या ओकमध्ये लॅक्टोन नावाची सुगंधी संयुगे भरपूर असतात, म्हणून नारळाची झाक जाणवते. युजेनॉल लवंगेचा पुसट तिखटपणा देते. युरोपीय ओकच्या मानाने टॅनिन कमी असल्याने जिभेवर तुरटपणा बेताचाच राहतो. आतला कोळशाचा थरही कामाचा: नुकत्याच गाळलेल्या मद्यातले गंधकाचे उग्र वास तो शोषून घेतो. लाकडाचा पहिला, सर्वांत आक्रमक अर्क बर्बनने आधीच ओढून घेतलेला असतो. त्यामुळे माल्टच्या वाट्याला सौम्य लाकूड येते आणि बार्ली, किण्वनातून आलेली सफरचंद-नासपतीसारखी फळे, मध, लिंबाची साल हे सगळे झाकले जात नाही. माझ्या मते या प्रकाराचे खरे मोठेपण इथेच आहे.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ग्लेनमोरँजी या स्कॉटिश डिस्टिलरीच्या स्टिलच्या (मद्य गाळण्याच्या भांड्यांच्या) माना 5 मीटरहून उंच आहेत. जड वाफा वर पोचण्याआधीच थंडावून परततात आणि हलके, फुलांच्या वासाचे मद्य मिळते. बर्बन पिंपात त्याचा नाजूकपणा टिकतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची आर्डबेग पीटच्या (दलदलीतल्या, जळणासाठी वापरल्या जाणाऱ्या मातीच्या) धुराने भारलेली असते. तिच्या 10 वर्षांच्या व्हिस्कीत व्हॅनिलाची गोडी धुराला आधार देते, त्याला दाबत नाही. पिंपाची जात तीच, तरी दोन्ही व्हिस्की एकमेकींपासून कमालीच्या वेगळ्या.

बर्बननंतर माल्टने पहिल्यांदा भरलेल्या पिंपाला ‘फर्स्ट फिल’ म्हणतात. त्यात व्हॅनिला आणि नारळ ठळक येतात. पुढच्या प्रत्येक वापरात लाकडाचा जोर ओसरतो. दमलेल्या पिंपातली 18 वर्षांची व्हिस्की चांगल्या फर्स्ट फिल पिंपातल्या 10 वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा फिकी निघू शकते, म्हणून वयाच्या आकड्यावर फार विसंबू नये. रंगावर तर नाहीच, कारण स्कॉच व्हिस्कीत साधे कॅरॅमल मिसळायला परवानगी आहे. नैसर्गिक रंगाची बर्बन पिंपातली माल्ट बहुधा गवताच्या काडीसारखी पिवळसर किंवा फिकट सोनेरी असते. पिंपाच्या मूळ ताकदीची (भरताना पाणी घालून सौम्य न केलेली) बाटली असेल, तर आधी तशीच हुंगावी आणि मग पाण्याचे दोन-चार थेंब घालावेत. अल्कोहोलचा झणका उतरला की फळांचे वास मोकळे होतात.