बाकी सगळ्या चालतात, हीच नको

२००२ च्या मे महिन्यात वॉर एम्ब्लेम नावाच्या जवळजवळ काळ्या घोड्याने केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकली आणि दोन आठवड्यांनी प्रीकनेसही. त्याच वर्षी जपानच्या योशिदा कुटुंबाने सुमारे १.७ कोटी डॉलर मोजून त्याला होक्काइदोतल्या शादाई स्टॅलियन स्टेशनवर नेलं. ज्याच्या शिंगरांनी जपानच्या शर्यतींचा चेहरामोहरा बदलला, तो संडे सायलेन्स त्या ऑगस्टमध्येच मेला होता आणि त्याची जागा भरून काढायची होती. मागणी असलेला स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, एका हंगामात शंभराहून जास्त घोड्या सहज फळवतो. वॉर एम्ब्लेमसमोर एकेक घोडी आणली जाऊ लागली आणि तो बहुतेकींकडे ढुंकूनही बघेना.

त्याला घोड्या अजिबात नको होत्या असं नाही. मधूनच एखादी चालायची, मग पुढच्या कितीतरी नाकारल्या जायच्या. सगळ्या कारकिर्दीत मिळून त्याची शिंगरं सव्वाशेच्या आतबाहेर झाली. ती मात्र पळणारी निघाली: ब्लॅक एम्ब्लेमने २००८ मध्ये शूका शो जिंकली, रोब टिसाजने २०१२ मध्ये हानशिन जुव्हेनाइल फिलीज. म्हणजे बिजात खोट नव्हती. २०१५ मध्ये तो निवृत्त होऊन केंटकीला परतला. परदेशातून येणाऱ्या स्टॅलियनला एक लैंगिक संसर्ग नाही ना, हे तपासण्यासाठी अमेरिकेत विलगीकरणात दोन घोड्या लावून बघतात. वॉर एम्ब्लेमने त्यांनाही नकार दिला. शेवटी त्याला खच्ची करूनच आत घ्यावं लागलं.

इतकं टोकाचं उदाहरण विरळा. पण ‘बाकी सगळ्या चालतात, हीच नको’ ही तक्रार घोडेपैदाशीत जुनी आहे, आणि तिच्यावर तितकेच जुने तोडगे आहेत: रंग आवडत नाही, पांढऱ्या पायांची नको, घोडा लाडावलाय, दोन फटके द्या. यातलं रंगाचं कदाचित एखाद्या घोड्याबाबत खरं असेलही. माझं म्हणणं इतकंच, की बहुतेक वेळा घोडा घोडीला नाकारतच नसतो. तो त्या क्षणातलं काहीतरी नाकारत असतो आणि घोडी नेमकी त्या क्षणी समोर उभी असते. ते ‘काहीतरी’ काय आहे हे शोधणं, हेच हाताळणाऱ्याचं काम.

मोकळ्या कळपात हे कसं घडतं ते आधी पाहू. एक नर, तीन-चार किंवा थोड्या अधिक घोड्या आणि त्यांची पिल्लं असा घोड्यांचा संसार असतो. घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं. त्यातले पाच ते सात दिवस ती माजावर असते आणि अंडमोचन (बीजांड सुटणं) माज संपायच्या एक-दोन दिवस आधी होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये स्यू मॅकडॉनेल यांनी पोनींचा एक मोकळा कळप वर्षानुवर्षं पाहिला. अशा निरीक्षणांतून ठळकपणे पुढे आलेली गोष्ट म्हणजे यशस्वी समागमाची सुरुवात बहुधा घोडी करते. ती स्वतः नराकडे जाते, त्याच्यापुढे घुटमळते, शेपूट बाजूला घेऊन थोडं थोडं मूत्र सोडते. नर ते हुंगतो, मान उंच करतो आणि वरचा ओठ उलटा करून दात दाखवत उभा राहतो. पाहणाऱ्याला तो हसतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो नाकपुड्यांची वाट अडवून ते द्रव्य नाकाच्या तळाशी असलेल्या जेकबसनच्या अवयवाकडे ओढून घेत असतो. घोडी कुठल्या टप्प्यावर आहे याची खबर त्याला तिथून लागते. मग जवळ जायचं, तिने कान पाडले तर मागे सरायचं, पुन्हा जायचं. हे तासन्‌तास, कधी दिवसभर चालतं. घाई केली तर दुगाण्या ठरलेल्या.

आता स्टड फार्मवरची शेड डोळ्यांपुढे आणा. घोडी ट्रकमधून दुसऱ्या गावाहून आलेली. तिची शेपटी पट्टीने गुंडाळलेली, मागचा भाग धुतलेला, मागच्या पायांना दोर, वरच्या ओठावर ट्विचचा, म्हणजे तिला स्थिर ठेवणारा पिळलेला, फास. घोडा मोहरकीला साखळी लावून आणला जातो. दोघांनी एकमेकांना पूर्वी पाहिलेलं नाही, आणि सगळं काही मिनिटांत उरकायचं असतं. बहुतेक घोडे हे निमूट स्वीकारतात, याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्यांच्या, बाबतीत यातून सुटका नाही. शर्यतीच्या घोड्यांची नोंदणी जगभर एका नियमावर चालते: शिंगरू नैसर्गिक समागमातूनच जन्मलेलं हवं, कृत्रिम रेतन चालत नाही. भारतातली नोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटी पुण्यात आहे, आणि पुण्याच्या आसपासच्या फार्मवरही हाच नियम. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्यांना ही अट नाही. बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात मारवाडी घोड्यांचं वीर्य गोठवून ते वापरण्याचं काम बरीच वर्षं चाललं आहे. तिथे नर अडून बसला तरी मार्ग निघतो. थरोब्रेडवाल्याला मात्र घोड्याचं मन वळवावंच लागतं.

मग कुठून सुरुवात करायची? घोडीकडून. घोडा ज्या घोडीला नाकारतोय ती खरोखर माजावर आहे का? हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण अनेक प्रकरणं इथेच मिटतात. हंगामाच्या सुरुवातीला, दिवस अजून लहान असताना, घोड्या आठवडेच्या आठवडे अर्धवट माज दाखवत राहतात. बीजांडकोशात मात्र काहीच पिकलेलं नसतं. फार्मवर म्हणूनच टीझर ठेवलेला असतो. हा एक कमी मोलाचा नर, ज्याचं काम फक्त घोडी तयार आहे का ते अजमावणं (बिचाऱ्याची नोकरी सगळ्यात वाईट). पण फास, दोर आणि माणसांच्या गराड्यात काही घोड्या नुसत्या गप्प उभ्या राहतात. माणूस ते गप्प राहणं होकार समजतो. घोडा समजत नाही. सोनोग्राफीत फॉलिकल (बीजांडाची पिकणारी पुटिका) किती मोठं झालंय ते पाहून दोन दिवस थांबलं, की नाकारलेली तीच घोडी त्याच घोड्याला चालल्याचं अनेकदा दिसतं.

शिंगरू असलेली घोडी हे वेगळंच प्रकरण. विल्यानंतर साधारण आठवडाभरात तिला पहिला माज येतो आणि मालकाला तो वाया घालवायचा नसतो. पण तिचं सगळं लक्ष शिंगराकडे असतं. ते नजरेआड केलं तर ती कावरीबावरी होते, आणि जवळ ठेवलं तर नर जवळ येताच अंगावर धावते. अशा घोडीपाशी चाचरणारा घोडा आळशी नसतो, शहाणा असतो. शिंगरू तिला दिसेल पण सुरक्षित राहील असं धरून ठेवणं, किंवा पुढच्या माजाची वाट पाहणं, एवढाच उपाय.

वासाचं पारडंही जड आहे. जंतुनाशकाने खसखसून धुतलेली, माश्यांचं औषध फवारलेली, जखमेवर मलम लावलेली घोडी नराच्या नाकाला भलतंच सांगत असणार. साध्या कोमट पाण्याने धुणं इथे बरं. काही फार्मवर उलटा खेळ करतात: घोड्याला पसंत असलेल्या, माजावरच्या दुसऱ्या घोडीचं मूत्र जमवून ते नावडतीच्या पुठ्ठ्यावर लावतात, किंवा घोड्याच्या नाकपुड्यांशी व्हिक्स चोळून सगळेच वास बुजवतात. व्हिक्स वाचून हसू येईल, पण स्टॅलियन सांभाळणाऱ्यांच्या खिशात ती डबी असतेच.

वासाच्या मागे आणखी खोल काही असावं असं सुचवणारं एक संशोधन स्वित्झर्लंडमध्ये झालं. प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांचा एक संच असतो, एमएचसी नावाचा. प्राणी साधारणपणे स्वतःपेक्षा वेगळा संच असलेला जोडीदार पसंत करतात, कारण त्यांच्या पिल्लांना रोगांशी लढायला जास्त विविध हत्यारं मिळतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तेच नर आळीपाळीने दोन प्रकारच्या घोड्यांसमोर थोडा वेळ नेले: एकीचा एमएचसी त्यांच्याशी जुळणारा, दुसरीचा वेगळा. वेगळ्या एमएचसीच्या घोडीसमोर नेल्यावर नरांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक वाढलं आणि वीर्यात शुक्रजंतूंची संख्याही जास्त निघाली. यावरून प्रत्येक नकाराला जनुकं जबाबदार आहेत असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. पण समोरची घोडी कोण आहे याने घोड्याच्या शरीराला फरक पडतो, एवढं नक्की.

आता घोडा. त्याची स्मरणशक्ती, विशेषतः वेदनेची, दांडगी असते. एका घोडीची लाथ बसली, चढताना जमिनीवर पाय घसरला, उतरताना माणसाने साखळीला हिसका दिला, की पुढच्या वेळी तसाच रंग, तशीच शेड किंवा तोच माणूस पाहून तो थबकतो. रंगाच्या आवडीनिवडीच्या कथांचं मूळ मला इथेच दिसतं: सब्ज्या (राखाडी-पांढऱ्या) घोडीने एकदा लाथ मारली आणि घोड्याने सगळ्याच सब्ज्या घोड्या संशयितांच्या यादीत टाकल्या. शर्यतीतून आलेल्या तरुण घोड्याचा पेच आणखी विचित्र. दोन-तीन वर्षं त्याने कुठल्याही घोडीकडे पाहून खिंकाळलं की फटका मिळाला. आता अचानक त्याने तेच करावं, तेही दहा माणसांसमोर, अशी अपेक्षा. कधी कारण निव्वळ शरीराचं असतं. मागच्या गुडघ्याचा सांधा किंवा कंबर दुखत असेल, तर ठेंगण्या घोडीवर चढणारा घोडा उंच घोडीला नकार देतो. त्यात आवडनिवड कसली? त्याला वेदनाशामक आणि खालच्या जागी उभी केलेली घोडी हवी.

मारणं हा एकच उपाय निश्चितपणे उलटतो, कारण त्याने वेदनेच्या यादीत एक भर पडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. नकार देणाऱ्या घोड्याचं टेस्टोस्टेरॉन बहुधा ठीकठाक असतं. बाहेरून ते दिलं, की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, वृषणांना जाणारे संदेश कमी होतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते. फार भेदरलेल्या घोड्यासाठी पशुवैद्यक कधी कधी भीती कमी करणारं औषध वापरतात. ते त्यांच्यावरच सोडावं.

चालणारे उपाय साधे आहेत आणि त्यांना लागणारी वस्तू म्हणजे वेळ. नावडती घोडी दोन-चार दिवस मजबूत कुंपणापलीकडे, घोड्याला दिसेल आणि हुंगता येईल अशी ठेवावी. शेडऐवजी मोकळं, न घसरणारं मैदान निवडावं. माणसं कमी करावीत, हाताळणारा बदलावा. घोड्याला समोरून न आणता घोडीच्या डाव्या खांद्याकडून तिरपं आणावं, म्हणजे दोघांना एकमेकांचे कान दिसतात. त्याने मागे सरायचं ठरवलं तर सरू द्यावं आणि पुन्हा येऊ द्यावं; मोकळ्या कळपात तो तेच करतो. काही घोडे दुसरा नर जवळपास असल्याचं कळताच एकदम कामाला लागतात. हे वापरता येतं, मात्र अंतर राखून.

आणि अदलाबदल. आवडती घोडी दाखवायची, घोडा पुरता पेटला की ऐन वेळी तिला बाजूला काढून दुसरी पुढे करायची. या युक्तीचं एक प्रसिद्ध गिऱ्हाईक घोडा नव्हतंच. १७८५ मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने जॉर्ज वॉशिंग्टन यांना खेचरांच्या पैदाशीसाठी दोन गाढव पाठवले. एक वाटेत समुद्रातच मेला, दुसरा रॉयल गिफ्ट या नावाने वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर पोचला आणि घोड्यांपुढे दगडासारखा उभा राहिला. वॉशिंग्टन यांनी लाफायेत या आपल्या फ्रेंच मित्राला लिहिलेल्या पत्रात त्या गाढवाच्या संथ, राजेशाही गांभीर्याची थट्टा केली आहे, आणि ती करताना वयस्कर स्पॅनिश राजालाही चिमटा काढला आहे. तोडगा निघाला तो गाढविणीच्या मदतीने: तिला जवळ उभी करून गाढवाला उद्युक्त करायचं आणि मग घोडी पुढे आणायची. यामागचं कारण आज नीट माहीत आहे. गाढविणींमध्ये वाढलेल्या नराला घोडी ही जोडीदार वाटतच नाही. म्हणून खेचरांसाठी राखायचा गाढव लहानपणापासून घोड्यांमध्ये वाढवतात.

हे सगळं करूनही घोडा नाहीच म्हणाला, तर? हंगाम छोटा असतो आणि घोडी दर २१ दिवसांनीच माजावर येते. दोन माज वाया गेल्यावर हट्ट धरण्यात अर्थ नसतो, घोडा बदलावा. शर्यतीच्या घोड्यांच्या इतिहासात अशा एका बदलाची कथा सांगतात. इंग्लंडात १७३१ च्या सुमारास हॉबगॉब्लिन नावाच्या स्टॅलियनने रोक्साना या घोडीला नाकारलं, म्हणून टीझरचं काम करणारा एक बुटका अरबी घोडा तिला लावला. तपशिलात बरीच पदरची भर असणार. पण त्या अरबी घोड्यापासून, म्हणजे गोडॉल्फिन अरेबियनपासून, रोक्सानाला १७३२ मध्ये लॅथ आणि १७३४ मध्ये केड झाला, हे नोंदलेलं आहे. केडचा मुलगा मॅचेम, आणि त्याच नरवंशात पुढे १९१७ मध्ये मॅन ओ’ वॉर जन्मला, जो २१ शर्यती धावला आणि २० जिंकला.