दोन आगाऊ शिक्के

आमच्या कॉलनीत पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंनी जूनमध्ये मला एक कार्ड दिलं. जाड पुठ्ठ्याचं, दहा चौकोनांचं. पहिल्या दोन चौकोनांत जांभळ्या शाईचे शिक्के आधीच मारलेले, शाई कडेला जराशी फुटलेली. "एवढ्या पावसात आलात ना, म्हणून दोन माझ्याकडून," काकू म्हणाल्या. दहा शिक्के झाले की डबाभर शिरा मोफत.

म्हणजे मला यायचं होतं आठच वेळा. मग सरळ आठ चौकोनांचं कार्ड का नाही छापलं?

नेमका हाच प्रश्न जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका गाड्या धुण्याच्या केंद्रावर तपासला. 300 गिऱ्हाइकांना त्यांनी कार्डं वाटली. निम्म्यांना आठ कोऱ्या चौकोनांचं, निम्म्यांना दहा चौकोनांचं, पण दोन शिक्के मारलेलं. गाडी दोघांनाही आठदाच धुवून घ्यायची होती. कोरं कार्ड मिळालेल्यांपैकी 19 टक्क्यांनी ते पूर्ण केलं, आगाऊ शिक्के मिळालेल्यांपैकी 34 टक्क्यांनी. हे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले.

फुकट मिळालेले शिक्के वाया जाऊ नयेत म्हणून लोक आले असतील, असं आपल्याला वाटेल. संशोधकांना कारण वेगळं दिसलं. कोरं कार्ड म्हणजे अजून हाती न घेतलेलं काम. दोन शिक्क्यांचं कार्ड म्हणजे सुरू होऊन अर्धवट राहिलेलं काम, आणि अर्धी काढलेली रांगोळी सोडून उठवत नाही. शिक्के का दिले, यानेही फरक पडतो, असं त्यांना आढळलं. काकूंचं पावसाचं कारण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. त्यात शिक्क्यांसोबत माझी दखलही होती.

पुढचा भाग वारकऱ्यांना सांगायला नको. कळस दिसला की दमलेले पायही झपझप पडतात. अन्न जवळ आलं की उंदीर वेग वाढवतात, हे क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात नोंदवलं होतं. रॅन किवेत्झ आणि सहकाऱ्यांना कोलंबिया विद्यापीठातल्या कॅफेत माणसांचंही तेच दिसलं. दहा कॉफींवर एक मोफत असं कार्ड भरत आलं की दोन कॉफींमधले दिवस कमी होत जात. बक्षीस मिळून नवं कार्ड हाती आलं, की तेच गिऱ्हाईक पुन्हा सैलावे.

घरगुती धंद्यासाठी ही सैलावण्याची जागा मला सगळ्यात नाजूक वाटते. वर्तुळ पूर्ण झालेलं असतं, पुन्हा यायची ओढ ओसरलेली असते. भाजी बेचव असेल तर इथे कुठलंच कार्ड कामाला येणार नाही. पण चव चांगली असूनही, केवळ सवय मोडली म्हणून माणसं इथेच गळतात.

माझं कार्ड गेल्या आठवड्यात भरलं. काकूंनी शिऱ्याचा डबा पिशवीत ठेवला आणि झाकणावर नवं कार्ड. त्याच्या पहिल्या चौकोनातली जांभळी शाई अजून ओली होती.

"श्रावण लागला ना," म्हणाल्या.