उर्दू चित्रपटगीतांच्या जुन्या रेकॉर्ड आमच्याकडे आणण्याआधी

जुन्या रेकॉर्डवरची गाणी आम्ही डिजिटल फाइलमध्ये उतरवून देतो. पहिली विनंती : रेकॉर्ड घरी पुसू नका. ७८ वेगाच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या रेकॉर्ड लाखेच्या असतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागला की लाख विरघळते आणि खाचेतला आवाज कायमचा जातो. मऊ कोरड्या ब्रशने वरवरची धूळ झटका, बाकीचं आमच्यावर सोडा. आणताना रेकॉर्ड उभ्या ठेवा. फुटली असेल तर तुकडे टाकू नका, सगळे एका पाकिटात घालून आणा.

घरच्या नव्या प्लेअरवर त्या वाजवूनही पाहू नका. ७८च्या खाचा एलपीच्या (नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डच्या) साधारण तिप्पट रुंद असतात. एलपीची बारीक सुई त्यात तळाशी घासत जाते, आणि तळाशी असते ती सत्तर वर्षांची धूळ. आम्ही जाड सुई वापरतो.

‘गाणं अर्धवट उतरवलंत’ अशी तक्रार अधूनमधून येते. एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. त्यामुळे सिनेमात ऐकलेला एखादा अंतरा रेकॉर्डवर मुळातच नसतो. ‘बरसात की रात’मधली (१९६०) ‘ना तो कारवाँ की तलाश है’ ही कव्वाली बारा मिनिटांच्या आसपास जाते. ती एका बाजूवर मावणं शक्यच नव्हतं. गाणं दोन्ही बाजूंना विभागलेलं असेल, तर आम्ही जोडून एक फाइल करतो.

लेबलावरच्या नावांवर डोळे झाकून विसंबू नका. ‘महल’च्या (१९४९) ‘आएगा आनेवाला’वर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. ‘तानसेन’मधल्या (१९४३) गायिका खुर्शीद आणि संगीतकार खुर्शीद अन्वर यांचीही गल्लत होते. फाइलला नाव देताना आम्ही हे तपासतो.

लाहोर-कराचीची गाणी घेऊन येणाऱ्यांना एक नाव आम्ही हमखास सांगतो : निसार बझ्मी. हे आपल्या जळगावजवळच्या नशिराबादचे. मुंबईत ‘खोज’साठी (१९५३) त्यांनी रफींकडून ‘चाँद का दिल टूट गया’ गाऊन घेतलं, पण इथे म्हणावं तसं नाव झालं नाही. १९६२मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि तिथे पहिल्या रांगेत बसले. मेहदी हसन यांनी ‘मोहब्बत’ चित्रपटासाठी गायलेल्या ‘रंजिश ही सही’ची चाल त्यांचीच. खानदेशातल्या ग्राहकांना हे कळलं की ते ती फाइल आणखी एकदा लावायला सांगतात.

खरखर किती काढायची हे पावतीवर लिहून द्या : ‘थोडी’ की ‘जास्त’. आमचा सल्ला ‘थोडी’चा. फार साफ करायला गेलं की सारंगीची धार बोथट होते, नूरजहाँबाईंचा ओळीआधीचा श्वासही पुसला जातो.

दर प्रत्येक बाजूमागे आहे, पत्रक काउंटरवर मिळेल. फाइल घरी ऐकण्यासाठी दिली जाते. मूळ रेकॉर्ड नव्या कागदी पाकिटात घालून परत करतो. जुनं पाकीट फेकत नाही, तेही सोबत देतो.