आधी कॉलेज सोडण्यासाठी कोर्ट, आता परतण्यासाठी

जेम्स नाजी हा नायजेरियाचा उंचापुरा खेळाडू. एनबीए ही अमेरिकेची अव्वल व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि तिचे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. 2023 च्या ड्राफ्टमध्ये नाजीची 31 व्या क्रमांकावर निवड झाली होती, आणि त्याच्याही आधीपासून तो बार्सिलोनाकडून व्यावसायिक बास्केटबॉल खेळत होता. डिसेंबर 2025 मध्ये हाच नाजी टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या संघात दाखल झाला. नव्या विद्यार्थी-खेळाडूला मिळते तशी पूर्ण चार वर्षांची पात्रता, म्हणजे कॉलेजकडून खेळण्याची मुभा, त्याला मिळाली. अमेरिकेतले कॉलेज प्रशिक्षक चिडले, आणि त्यात नवल काही नाही. मुलं कॉलेजातून ड्राफ्टकडे जातात हे त्यांना तोंडपाठ होतं. ड्राफ्ट होऊन गेलेला मुलगा कॉलेजच्या दारात उभा राहील, हे कुणाच्या हिशेबात नव्हतं.

मराठी वाचकाला मुळात हा पेच का पडतो, तेच आधी सांगायला हवं. विरारचा आयुष म्हात्रे सतराव्या वर्षी चेन्नईकडून आयपीएल खेळला. कॉलेजचं काय, हा प्रश्न फार तर घरच्यांना पडला असेल. क्रिकेट मंडळाच्या नियमात कॉलेजची अट नव्हती. अमेरिकेत मात्र बास्केटबॉलपटूचा रस्ताच कॉलेजच्या अंगणातून जात आला आहे, कारण तिथे कॉलेजचा खेळ आधी आला आणि व्यावसायिक लीग नंतर. 1946 मध्ये जी लीग सुरू झाली आणि 1949 मध्ये एनबीए म्हणून ओळखली जाऊ लागली, ती तेव्हा नवखी होती. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला गर्दी व्हायची ती कॉलेजच्या सामन्यांना.

लीगने यातून सोयीचा मार्ग काढला. ज्याचं नाव कॉलेजने गाजवलंय, तो खेळाडू आयता घ्यायचा. सुरुवातीच्या काळात तर एखादा क्लब ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली आपली पाळी सोडून स्वतःच्याच भागातला कॉलेजचा तारा राखून घेऊ शकत असे, म्हणजे त्याचे चाहतेही तिकिटं काढून मागोमाग येतील. ही सवलत 1965 पर्यंत चालली. कॉलेजांनाही त्यांचा माल मध्येच पळवला जायला नको होता. म्हणून नियम असा होता की, शाळेची तुकडी बाहेर पडून चार वर्षं झाल्याशिवाय कुणालाही लीगमध्ये प्रवेश नाही. पदवी हवी, असं त्यात म्हटलेलं नव्हतं. चार वर्षं जाऊ द्यायची, एवढंच. मुलांच्या शिक्षणाच्या काळजीचा मुलामा या नियमावर पुढे बराच चढला, पण आत दोन धंद्यांमधला समझोता होता.

विल्ट चेंबरलेनसारखा खेळाडूही या भिंतीपुढे थांबला. 1958 मध्ये त्याने कॅन्सस विद्यापीठ एक वर्ष आधीच सोडलं, आणि उरलेलं वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर प्रदर्शनी सामने खेळत काढलं. भिंत पाडली ती स्पेन्सर हेवूडने.

हेवूड मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटी या खेड्यातला. लहानपणी कापूस वेचलेला. डेट्रॉइटला शाळा केली, 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये एकोणिसाव्या वर्षी सुवर्णपदक मिळवलं, आणि डेट्रॉइट विद्यापीठात एक मोसम खेळला. त्या सुमारास एनबीएला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. 1967 मध्ये सुरू झालेल्या एबीए या लीगला नावं हवी होती आणि चार वर्षांची अट पाळण्याचं तिला काही कारण नव्हतं. घरची हलाखी हा आधार घेऊन तिने 1969 मध्ये हेवूडला डेन्व्हरच्या संघात घेतलं. पहिल्याच मोसमात सामन्यामागे 30 गुण आणि 19.5 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) अशी त्याची सरासरी पडली. सर्वोत्तम नवोदितही तोच, सर्वोत्तम खेळाडूही तोच. मग करारावरून खटका उडाला, आणि सिएटल सुपरसॉनिक्सचे मालक सॅम शुलमन यांनी त्याला सहा वर्षांचा, 15 लाख डॉलरचा करार देऊन एनबीएत आणलं. त्याच्या शाळेच्या तुकडीची चार वर्षं भरायला अजून काही महिने होते. लीगने सिएटलवर कारवाईची धमकी दिली. हेवूड न्यायालयात गेला.

तो मोसम त्याने कसा काढला, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. परगावच्या मैदानात ध्वनिक्षेपकावरून घोषणा व्हायची की मैदानात एक बेकायदा खेळाडू आहे. प्रेक्षकांतून बाटल्या यायच्या. कधी मनाई उठलेली असायची, कधी परत लागलेली, त्यामुळे खेळायला मिळणार की नाही हे सामन्याच्या तोंडावर कळायचं. खालच्या न्यायालयाने दिलेला दिलासा अपिलात थांबवला गेला, आणि 1 मार्च 1971 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी तो परत दिला. मुद्दा मक्तेदारीविरोधी कायद्याचा होता: क्लबांनी आपसांत ठरवून एखाद्याला पोट भरण्यापासून अडवायचं, हा बहिष्कार नाही तर काय? एनबीएने तडजोड केली. घरची आर्थिक अडचण दाखवणाऱ्याला लवकर प्रवेश देणारी ‘हार्डशिप’ची वाट निघाली, आणि 1976 मध्ये ती अडचण दाखवण्याची अटही गेली. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये हेवूडला जागा मिळाली ती थेट 2015 मध्ये.

दार उघडलं तरी लगेच झुंबड उडाली नाही. मोझेस मलोन 1974 मध्ये शाळेतून सरळ एबीएच्या युटा संघात गेला; पुढच्या वर्षी डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलोबी एनबीएत आले. त्यानंतर वीस वर्षं शाळेच्या बाकावरून थेट ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं गेलं नाही. 1995 मध्ये मिनेसोटाने केव्हिन गार्नेटला पाचव्या क्रमांकावर घेतलं, 1996 मध्ये कोबी ब्रायंट आला, 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स. आपण ही तीन नावं घेतो आणि थांबतो. कॉर्लिओन यंगचं नाव कुणी घेत नाही. 1998 मध्ये तोही शाळेतून आला, 40 व्या क्रमांकावर निवडला गेला, डेट्रॉइटकडून एनबीएचे तीन सामने खेळला. कॉलेजची पात्रता ड्राफ्टबरोबरच संपलेली, त्यामुळे परत फिरायला जागा नव्हती. या सगळ्या इतिहासातलं खरं क्रौर्य मला इथे दिसतं. अठरा वर्षांच्या मुलाने केलेली एक चूक कायमची ठरायची, आणि त्याला ती करायला लावणारे दलाल पुढच्या मुलाकडे वळायचे.

2005 च्या करारात एनबीएने दार पुन्हा लोटलं. वय किमान 19, आणि अमेरिकी खेळाडूच्या शाळेच्या तुकडीला किमान एक वर्ष झालेलं हवं. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना वीसची अट हवी होती. घासाघीस होऊन एकोणीस ठरली. मुलं कच्ची असतात, हे कारण दिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. क्लबांना कोट्यवधी डॉलर लावण्याआधी मुलाला तगड्या संघांविरुद्ध वर्षभर फुकट पाहता येणार होतं, आणि त्याचा दुसरा, खरा महागडा करारही वर्षभर पुढे जाणार होता.

मग हेवूडसारखं कुणी कोर्टात का गेलं नाही? कारण हेवूडच्या वेळी नियम क्लबांनी एकतर्फी लादलेला होता, तर 2005 चा नियम खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारात होता. कामगार संघटनेने मान्य केलेल्या अटींना मक्तेदारीविरोधी कायदा सहसा हात लावत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये मॉरिस क्लॅरेटने 2004 मध्ये प्रयत्न केला होता. खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात हरला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. म्हणजे जी मुलं अजून संघटनेची सभासदच नाहीत, त्यांचा हक्क संघटनेने टेबलावर ठेवून दिला, आणि ते कायदेशीर ठरलं.

यातून ‘वन अँड डन’ जन्मलं. एक वर्ष कॉलेज, की निघाले. ग्रेग ओडन आणि केव्हिन ड्युरंट 2007 मध्ये असेच आले. पहिल्या सत्रात कामापुरता अभ्यास करून कॉलेजांची मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा खेळली की वर्गाकडे फिरकायचं कारण कित्येकांना उरत नसे. काहींनी तेवढंही टाळलं. ब्रँडन जेनिंग्ज 2008 मध्ये रोमला जाऊन व्यावसायिक खेळला. लामेलो बॉल ऑस्ट्रेलियाला गेला. ही गळती थांबवायला एनबीएने 2020 मध्ये स्वतःच्याच जी लीग या दुय्यम लीगमध्ये ‘इग्नाइट’ नावाचा पगारी संघ काढला. त्यात पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही होता. त्याआधी 2015 मध्ये पंजाबच्याच बल्लोके गावच्या सतनाम सिंगला डलासने 52 व्या क्रमांकावर घेतलं होतं, तेही फ्लोरिडातल्या अकादमीतून, कॉलेजला बगल देऊन. भारतात जन्मून एनबीएत निवडला गेलेला तो पहिला. मुख्य लीगचा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही.

या काळात कॉलेजं मुलांना शिष्यवृत्ती, राहणं, जेवण यापलीकडे फारसं काही देत नसत. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द गोड आहे, पण कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेने तो 1950 च्या दशकात रुळवला तो जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून भरपाई मागू नये यासाठी. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर हे स्वतः मान्य केलं. इकडे 2010 मध्ये मार्चच्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरला गेले होते. एड ओबॅनन या कॉलेजच्या जुन्या खेळाडूने एका व्हिडिओ गेममध्ये आपल्यासारखाच दिसणारा, आपल्यासारखाच डावखुरा खेळाडू पाहिला आणि 2009 मध्ये एनसीएएवर दावा ठोकला. तिथून धागा उसवत गेला. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंच्या लाभांवरच्या मर्यादेविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात, 9 विरुद्ध 0 असा एनसीएएविरुद्ध कौल दिला. 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा विकून कमावण्याची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या ‘हाउस’ या खटल्यातल्या तडजोडीने तर विद्यापीठांना पहिल्या वर्षी प्रत्येकी 2.05 कोटी डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट वाटता येऊ लागली.

आता गणित बघा. जी लीगचा मूळ पगार वर्षाला 40-45 हजार डॉलरच्या घरात, आणि एनबीए आणि जी लीग दोन्हींकडे खेळवणारा ‘टू-वे’ करार 2024-25 मध्ये सुमारे 5.8 लाख डॉलरचा. नावाजलेल्या कॉलेजचा चांगला खेळाडू त्याहून जास्त कमावू लागला. मग ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीच्या आशेवर कोण उडी मारणार? 2021 मध्ये कॉलेजची वर्षं पुरी होण्याआधी ड्राफ्टमध्ये नाव देणारे 350 हून जास्त होते. 2025 मध्ये 106. इग्नाइट 2024 मध्ये बंदच पडला, कारण त्याचा ग्राहक कॉलेजने पळवला. मुलींच्या बाबतीत तर पारडं आधीच कललं होतं. केटलिन क्लार्क आयोवा विद्यापीठात खेळताना जाहिरातींतून जे मिळवत होती, त्यापुढे डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमधला तिचा पहिल्या वर्षीचा 76,535 डॉलरचा पगार किरकोळ होता.

भारतातून जाणाऱ्या मुला-मुलींसाठी यात एक खोच आहे. विद्यार्थी व्हिसावर असताना काम करून कमावण्यावर बंधनं असतात, त्यामुळे शेजारच्या अमेरिकी खेळाडूला सहज मिळणारा जाहिरातीचा पैसा त्यांच्यापर्यंत तितका सहज पोहोचत नाही.

नाजीवरून वाद पेटला तेव्हा एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी रेघ ओढली: एनबीएच्या करारावर सही केलेल्या कुणालाही कॉलेजची पात्रता नाही. नाजीने तशी सही केलेली नव्हती. चार्ल्स बेडियाकोने केली होती. 2023 मध्ये अलाबामा सोडून तो ड्राफ्टला गेला, निवडला गेला नाही, टू-वे करारावर राहिला, जी लीग खेळला. जानेवारी 2026 मध्ये त्याने अलाबामाच्याच न्यायालयातून तात्पुरता आदेश मिळवला आणि जुन्या कॉलेजची जर्सी पुन्हा चढवली. परगावच्या प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो उडवली. फेब्रुवारीत न्यायाधीशांनी एनसीएएला रोखणारा मनाई हुकूम द्यायला नकार दिला आणि त्याला ती जर्सी उतरवावी लागली.