मांजरांमधील वनस्पतिविषबाधा (ग्रामीण विदर्भ)

विषारी वनस्पती खाऊन, चघळून किंवा अंगाला लागलेला चीक व पराग चाटून पाळीव मांजराला होणारी बाधा. मांजर निव्वळ मांसाहारी असल्याने वनस्पतींतली अनेक द्रव्ये निकामी करण्याची त्याच्या यकृताची ताकद कुत्र्याहूनही कमी असते. ‘मांजर पाला कुठे खाते?’ हा समज त्यामुळेच धोक्याचा. ते गवत चघळते आणि अंगाला लागेल ते चाटूनच काढते.

विदर्भात कणगीतल्या धान्यापायी उंदीर येतात, म्हणून घरोघरी मांजर असते. ते अंगण, कोठा (गुरांचा गोठा), धुरा (शेताचा बांध) सगळीकडे हिंडते. पूजेच्या फुलांसाठी लावलेली कन्हेर आणि बिट्टी अंगणातली सर्वांत घातक झाडे: त्यांच्या प्रत्येक भागात हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्ये असतात. महादेवाचा धोतरा, मारुतीची रुई, धुऱ्यावरची एरंडी, गुंज, कळलावीचा कंद हेही विषारीच. मनीप्लांटने तोंडाची आग होते, पण जीव सहसा जात नाही.

लिलीबाबत गोंधळ फार. अंगणात पावसाळ्यात फुलणारी छोटी लिली वेगळ्या कुळातली. तिच्या कंदाने उलट्या होतात. बुकेतून येणारी मोठी लिली मात्र एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी करते. त्यासाठी परागकण किंवा फुलदाणीतले पाणीही पुरते.

सर्वांत दुर्लक्षित विष स्वयंपाकघरातच असते. उरलेल्या रश्श्यात पोळी कुस्करून मांजराला घालतात. त्यातला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतो, आणि शिजवल्याने तो निर्धोक होत नाही. हिरड्या पांढुरक्या दिसेपर्यंत काही दिवस निघून जातात.

पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी चालू असताना निदान अवघड होते. अनेक कीटकनाशकांनी डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, अंग थरथरते. धोतऱ्याने बाहुल्या मोठ्या होतात आणि तोंड कोरडे पडते. कीटकनाशकावरचा उतारा अ‍ॅट्रोपिन धोतऱ्यातच असतो. म्हणून अंदाजाने दिलेले इंजेक्शन उलटू शकते.

मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे, तोंडात दूध-तूप ओतणे हे उपाय खरोखर बंद झाले पाहिजेत. मीठ स्वतःच बाधते आणि ओतलेले श्वासनलिकेत जाते. अंगावरचा चीक वा पराग धुवावा आणि चघळलेली डहाळी सोबत घेऊन लगेच पशुवैद्यक गाठावा. लिलीच्या बाधेत पहिल्या १८ तासांत सलाईन सुरू झाले तर वाचण्याची आशा बरीच असते. तालुक्याला सोय नसल्यास नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था हे पर्याय आहेत.