मकावचा पिंजरा सांगण्याआधी एवढं वाचा

आमच्या बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या पिंजऱ्यांच्या शेडवर येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "अडीच बाय अडीचचा केवढ्याला पडेल?" आम्ही उलट विचारतो, "पक्षी कोणता?" उत्तर 'मकाव', म्हणजे तो मोठा विदेशी पोपट, आलं की आधी खुर्ची, मग चहा, आणि सोबत हे पत्रक.

आपल्याकडे जास्त दिसतो तो निळा-पिवळा मकाव. चोचीपासून शेपटीपर्यंत पावणेतीन ते तीन फूट, वजन किलोच्या आसपास, आणि पंख पसरले की साडेतीन फूट. म्हणजे अडीच बाय अडीचमध्ये त्याला धड आळससुद्धा देता येणार नाही. आमचं कमीत कमी माप चार फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फूट उंच. त्यातही रोज काही तास बाहेर सोडावंच लागतं.

हा पक्षी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला. तिथे जोडी जमली की सहसा आयुष्यभराची. थवा उडत असला तरी दोघं दोघं शेजारी उडताना ओळखू येतात. वाळलेल्या ताडाच्या पोकळ खोडात घरटं, दोन-तीन अंडी. मादी चार आठवडे उबवते, नर तिला भरवतो. पिल्लू तीन महिन्यांनी उडतं, पण त्यानंतरही कित्येक महिने आईबापांचा पिच्छा सोडत नाही. पेरू देशात तांबोपाटा नदीकाठी तर सकाळी शेकडो मकाव मातीच्या कड्याला लटकून माती खातात. तिथल्या खाण्यात सोडियम कमी, ते मातीतून मिळतं. (म्हणून त्याला सेव-उसळ भरवायची, असा अर्थ कृपया काढू नका. आपलं मीठ त्याला बाधतं.)

असा गोतावळ्यातला जीव घरात एकटा पडला की जोडीदार आणि थवा दोन्ही तुम्हीच. सकाळ-संध्याकाळ तो हाका मारणार, आणि त्या तीन घरं पलीकडे ऐकू जाणार. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. कंटाळला की स्वतःची पिसं उपटतो. तेव्हा लोक मोठा पिंजरा मागायला येतात. आम्ही आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो, कारण पिसं आजारानेही उपटली जातात.

आता आमची चूक सांगतो. पहिला मकावचा पिंजरा आम्ही जी. आय. (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) जाळीचा केला होता, स्वस्तात बसतो म्हणून. काही आठवड्यांत पक्षी मलूल. डॉक्टर म्हणाले, जस्ताची विषबाधा. जाळीवरचा थर तो चोचीने खरवडून गिळत होता! पक्षी वाचला, पिंजरा आम्ही परत घेतला. तेव्हापासून मकावसाठी फक्त स्टेनलेस स्टील. महाग पडतं, पण यात घासाघीस करू नका.

साधी सरकती कडीही आम्ही लावत नाही. दांडिया बाजारातल्या एका काकांकडे पक्ष्याने कडी आधी चोचीत धरली, जिभेने वर ढकलली, सरकवली, दार उघडून बाहेर आला आणि टेबलावरचा चष्मा मोडून ठेवला. काकांना राग कमी, कौतुकच जास्त.

बसायला गुळगुळीत पाइप नको. तळपायाच्या एकाच जागी भार येऊन जखमा होतात. पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या बांधा. तो त्या कुरतडून टाकेल, टाकू द्या. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नका. चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी बंद. पिंजरा स्वयंपाकघराजवळ तर नकोच: नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या दिवसांत त्याला गच्चीवर नेऊ नका, पट्टा बांधूनसुद्धा. मांजा पट्टा बघत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. देशी पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे, त्याचा पिंजरा आम्ही करत नाही. मकाव विदेशी असला तरी 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडून बिल घ्या. आणि घरच्यांशी बोला: नीट सांभाळला तर हा पक्षी पन्नास वर्षंही जगतो. चाळिशीत आणलात तर पुढे कोण बघणार, ते आजच ठरवा.

माप घ्यायला आम्ही घरी येतो. रावपुऱ्यातल्या जुन्या जिन्यांत पाच फुटी पिंजरा वळत नाही, म्हणून आता तो सुट्या भागांत आणून जागेवर नट-बोल्टने जोडतो. नट मात्र बाहेरच्या बाजूला ठेवतो, कारण आतले तो फिरवून काढतो.