वाण नाही, पण गुण लागला

'महिनाभरात हजार इंग्रजी फ्रेझेस पाठ करा' अशा जाहिरातींत दुःख-नुकसानीचा वेगळा गठ्ठा असतो: 'सिव्हिअर पेन', 'इन्फ्लिक्ट डॅमेज', 'रीक हॅवॉक'. पाठ करायला हरकत नाही. पण या जोड्या म्हणजे व्याकरणकारांनी घालून दिलेले नियम, हा समज चुकीचा. त्या मोजून सापडतात.

मोजणीची रीतच मोठी झकास आहे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या इंग्रजी मजकुराच्या संग्रहात सुमारे १० कोटी शब्द आहेत. समजा, तेवढ्या मजकुरात एक शब्द १०,००० वेळा येतो, दुसरा ५,००० वेळा. सगळे शब्द पत्त्यांसारखे पिसले, तर दुसरा पहिल्याच्या लगेच पुढे किती वेळा येईल? १०,००० गुणिले ५,००० भागिले १० कोटी, म्हणजे ०.५. प्रत्यक्षात तो ६४ वेळा सापडला, तर अपेक्षेच्या १२८ पट झाला. १२८ म्हणजे २ चा सातवा घात, म्हणून या जोडीचा गुणांक ७. केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी १९९० मध्ये हे 'म्युच्युअल इन्फर्मेशन'चं माप कोशकारांसाठी मांडलं. ३ च्या वरची जोडी सहसा दखलपात्र.

यात एक खोच आहे. एकेकदाच आलेल्या दोन चुकीच्या छापील शब्दांची गाठ पडली, तर गुणांक थेट २६ च्या वर! म्हणून सोबत टी-स्कोअर, म्हणजे जोडी निव्वळ योगायोगाची नाही ना हे पाहणारा आकडा, काढतात: प्रत्यक्ष वजा अपेक्षित, भागिले प्रत्यक्षाचं वर्गमूळ. आपल्या जोडीला ७.९ मिळतात, त्या मुद्रणदोषाला जेमतेम १.

या मोजणीतून निघालेली गंमत पाहा. 'कॉज' हे क्रियापद शब्दकोशात अगदी तटस्थ. भाषाशास्त्रज्ञ मायकेल स्टब्ज यांनी १९९५ मध्ये त्याचे शेजारी तपासले, तर बहुतेक 'प्रॉब्लेम', 'डॅमेज', 'डेथ', 'डिसीज' असेच निघाले. 'प्रोव्हाइड'भोवती मात्र 'हेल्प', 'केअर', 'सपोर्ट'. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्यावर दुसरं काय होणार! 'नकारात्मक शब्दांच्या लहरी' विकणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. इथे लहरी नाहीत, माणसांच्या सवयींची बेरीज आहे.

भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांना 'सेट इन'च्या (म्हणजे सुरू होऊन ठाण मांडण्याच्या) आधी कुजणं, ऱ्हास, निराशा, संसर्ग असलंच काहीबाही दिसलं. म्हणूनच 'सक्सेस हॅज सेट इन' हे वाक्य व्याकरणात चोख असूनही इंग्रजी वाचणाऱ्याला यश जडल्यासारखं वाटतं. तिरकस लिहिणारे नेमका याचाच फायदा घेतात.